पहिला ठोका मोकळा

६ जुलै २०२५

म्हैस पुन्हा ओरडली. टेक वाया!

गोठ्यावर स्टुडिओ काढायची अक्कल कृष्णातची. खाली त्याच्या वडिलांच्या, आण्णांच्या म्हशी. वर आम्ही. भिंतींना पोती. पोत्यांवर माझ्या सरूआत्तीनं शिवलेली वाकळ, जुन्या लुगड्यांची. वाकळ आवाज पिते. म्हशीचा तेवढा पीत नाही.

‘मास्तर, ऱ्हाऊ दे की त्ये हंबरणं. ओरिजिनल हाय. जमैकात कुठली आलीया मुऱ्हा म्हैस?’

हसलो नाही. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, म्हणून कृष्णात मला चारचौघांत मास्तर म्हणतो. दर वेळी थोडं लागतं. दर वेळी सोडून देतो.

दुपारी एक यूट्यूबवाला आला. आमच्या जोडीचं नाव घेऊन सुरू झाला: ‘उलटा ठेका, ही कोल्हापूरची डीजे जोडी’ - डीजे! आम्ही दुसऱ्याची गाणी वाजवत नाही. रॅप आमचा, बास आमचा, ठेका जमैकाचा पण बसवलेला आम्ही. तोंडावर सांगितलं. म्हणाला, ‘तेच हो.’

तेच नाही!

मग विचारतो, तुमच्या दोघांत कोण काय करतं. कृष्णात म्हणाला, ‘मी शिव्या घालतो, मास्तर शुद्धलेखन तपासतो.’ सगळे हसले. आण्णाही, खाली धार काढताना.

८ जुलै

वर्गात आज वेळ होता. पोरांना ठेका समजावून सांगितला. बाकावर बोटांनी.

चार ठोके. आपल्याकडं पहिल्यावर सगळं येऊन पडतं. ताशा, ढोल, टाळ्या, पाय. जमैकाच्या लोकांनी पहिला ठोका मोकळा सोडला. ऐकणाऱ्याचं अंग सवयीनं पुढं झुकतं आणि तिथं काही नसतं. मग तिसऱ्यावर बास कोसळतो.

कृष्णातला हे पटायला फार दिवस लागले. ‘पयल्यावरच काय न्हाय? मग पोरं नाचणार कशावर, तुझ्या कवितेवर?’ आता तोच इतरांना शिकवतो. आपलंच असल्यासारखं.

१३ जुलै

हुपरीजवळ, आत्तीच्या गावी. रेकॉर्डिंग.

आत्ती चांदीच्या पैंजणांना घुंगरं लावून देते. माल हुपरीतून येतो, तिच्या ओसरीवर तयार होतो, परत जातो. हातात चिमटा, मांडीवर पत्र्याचं ताट. काम करता करता गाते. स्वतःच रचते. लहानपणापासून ऐकतोय. रेकॉर्ड करायचं कधी सुचलं नाही. हे सुचलं कृष्णातला. तो दूध उचलायला टेम्पो घेऊन रोज त्या गावात जातो. रोज तिच्याकडं चहा. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही त्याला माहीत. मला मात्र विचारावं लागलं.

‘धम्मा, माझा घोगरा आवाज कशाला रं बाळा? एखादी चांगली गानारी बगा की.’

‘आत्ती,’ कृष्णात म्हणाला, ‘तुमच्यागत आवाज मुंबैत भाड्यानं बी मिळत न्हाय.’

‘तू लई बोलतोस. आदी लगीन कर. बायकू आली की तोंड मिटतंय का न्हाई बग.’

मी माइक लावला. ती उठली. तांब्या घेतला. ओसरीच्या कडेला जाऊन चूळ भरली. पदर डोक्यावर घेतला. चपला आधीच बाजूला. मग येऊन बसली आणि गायली.

भीमाच्या ग नावानं, हाती पाटी म्या धरियली
माझ्या ग आदी आदी, साळंत सावली शिरियली

ती स्वतः शाळेत गेली नाही. दारापर्यंत गेली. पाटी होती. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही. ओवीत आहे तेवढंच.

परतताना, टेम्पोत. मागं कॅन आपटत होते. शेवटी कृष्णात म्हणाला, ‘सावली आदी शिरली म्हणं. आयला.’ आणि गिअर बदलला.

त्या वेळी मला तो आवडला. हे लिहून ठेवतो.

१५ जुलै

पहिलं भांडण. चुळीवरून.

मी सुरुवातीचा पाण्याचा आवाज कापला. तांब्या, गुळणी, थुंकणं. कृष्णात कानाला हेडफोन लावून ओरडला, ‘पाणी कुठं गेलं?’

‘कापलं.’

‘का?’

‘गोंगाट आहे तो. गाणं नंतर सुरू होतं.’

‘मर्दा, आत्ती तोंड धुती, त्येबी गाण्यातच हाय की! तिथनंच सुरू हुतंय.’

त्याला प्रत्येक गोष्ट मजेची वाटते. म्हैस ठेव. पाणी ठेव. मी नाही ठेवलं. चिमट्याचा टिकटिक आवाज ठेवला. घुंगरं ठेवली. ती तालात होती.

मग तो म्हणाला, आत्तीच्या आवाजाखाली हलगी टाकू. मी म्हणालो, हलगी नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. का, ते विचारलं नाही. ‘बरं. न्हाय तर न्हाय.’

२० जुलै

गाणं झालं.

पहिल्या ठोक्यावर सगळी वाद्यं बंद. फक्त तिचा शब्द. ‘भीमाच्या’. एकटा, उघडा. तिसऱ्यावर बास. दुसऱ्या कडव्यानंतर कृष्णातचा रॅप. चांगला लिहिलाय त्यानं, कुठंही मिरवलेलं नाही.

हे गाणं मोबाइलवर ऐकायचं नाही. हे डॉल्बीवर वाजायला हवं. रस्त्यावर. जमैकातही असंच. रस्त्यात स्पीकरच्या पेट्यांच्या भिंती उभ्या करतात, ह्या गल्लीची भिंत त्या गल्लीच्या भिंतीवर कुरघोडी करते. कोल्हापूरला हे कुणी शिकवायची गरज नाही.

कृष्णात म्हणाला, ‘डॉल्बी म्हंजे गणपती. तू तर मंडळांच्या कामाला हात लावत न्हाईस.’

खरं आहे. मंडळांची गाणी तो एकटा करून देतो. तालीम मंडळाचं नाव, अध्यक्षाचं नाव, सिंहाची डरकाळी. मी त्या वेळी खोलीबाहेर असतो. घरात तसं ठरलेलं आहे, माझ्या जन्माआधीपासून. पण हे आमचं गाणं आहे. गणपतीचं नाही.

माझा आज्या गावच्या मिरवणुकीपुढं हलगी बडवत चालायचा. मागं वळून बघायची मुभा नव्हती. दीक्षा घेऊन आला आणि हलगीचं कडं चुलीत घातलं. कातडं जळल्याचा वास दोन दिवस घरात होता, असं बाबा सांगायचे. त्या आज्याच्या लेकीचा आवाज आता भर रस्त्यावर वाजला पाहिजे. सगळ्यात मोठ्या भिंतीतून. मिरवणुकीच्या मधोमध.

कृष्णातनं हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, ‘आत्तीला सांगितलंस?’

‘सांगायचं काय? आनंदच होईल.’

२ ऑगस्ट

विश्वजित तयार झाला. जिल्ह्यातल्या मोठ्या डॉल्बींपैकी एक त्याची. कृष्णातचं जुनं गिऱ्हाईक. फायनल मिक्स कृष्णात नेऊन देणार. मला उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत.

१० ऑगस्ट

जेवण तसंच ठेवलंय. आधी हे लिहितो.

विश्वजितच्या गोडाऊनला गेलो होतो. टेस्टिंगला. भिंत उभी होती. खाली बास, वर टॉप, पत्र्याला लागतील एवढ्या पेट्या. कृष्णात आधीच आलेला. माझ्याकडं बघून उगाच हसला. विश्वजितनं बटण दाबलं. घुंगरं. चिमटा. आणि मग आत्ती -

‘... ग नावानं, हाती पाटी म्या धरियली’

वाटलं, वायर हलली. म्हणालो, पुन्हा लाव. पुन्हा तेच. पहिल्या ठोक्यावर काहीच नाही. स्वच्छ कापलेलं. वायर असं कापत नाही. असं कापायला कान लागतो. माझ्या शेजारी बसून तयार झालेला कान.

कुणाच्या नावानं? कुणाच्याच नाही! पाटी आपोआप हातात आली!

कृष्णात म्हणाला, ‘पयला ठोका मोकळाच आसतोय की. तूच शिकवलास.’

हसत म्हणाला. हसत!

विश्वजित मध्येच, ‘बरंच झालं की भावा. आमची पोरं, तुमची पोरं, नावावरनं उगंच वाद व्हायचा. आवाज झ्याक हाय म्हातारीचा. नाव कशाला पायजे त्यात?’

मी कृष्णातकडं बघितलं. तो म्हणाला, ‘त्ये तसं न्हाय. आरं, मी आज सांगणारच हुतो तुला -’

‘काय सांगणार होतास? तुमच्या मंडळांना आमचं नाव चालत नाही, हे?’

‘तुमच्या?’

‘तुमच्या.’

त्याचं हसणं गेलं. पेटीवरचा हात काढून घेतला. ‘आसा समजतोस व्हय मला? एवढ्या वर्सांत आसा? मग आता न्हाय सांगत. आत्तीला इचार जा.’

‘तिचं नाव काढू नकोस.’

‘आत्तीला इचार.’

‘आधी तिचा आवाज कापलास, आता तिलाच पुढं करतोस!’

विश्वजितनं आवाज वाढवला. आमचं बोलणं त्याला ऐकायचं नव्हतं. पत्रे थरथरत होते. ती गात होती. दर वेळी पहिल्या ठोक्यावर भोक.

११ ऑगस्ट

वाकळ काढून आणली.

गोठ्यात आण्णा धार काढत होते. ‘मास्तर, च्या ठेवाय सांगू?’ तसाच पुढं गेलो. त्या माणसाचा काय दोष, हे जिना चढताना वाटलं. तेवढ्यापुरतंच.

कृष्णात स्क्रीनसमोर. मी खुर्चीवर चढलो. खिळे उपसले.

‘वाकळ कशाला नेतोस?’

‘माझी आहे.’

‘आत्तीची हाय.’

‘म्हणूनच.’

‘खोली घुमंल आता.’

‘घुमू दे.’

तो उठला नाही. अडवलंही नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं! हातात खिळा होता आणि मारामारी हवी होती. वाकळ गाडीवर पुढं ठेवून घरी आलो. रंकाळ्यापर्यंत सगळ्या रस्त्यानं तिला गोठ्याचा वास येत होता.

१२ ऑगस्ट

आत्तीला विचार म्हणे! काय विचारू? ‘आत्ती, तुझ्या ओवीतून बाबासाहेब काढले, तुला कसं वाटतं?’ जन्मभर लोकांनी तिला दाराबाहेर उभं केलं. आता आपल्या माणसानंही केलं, हे मी तिच्या कानावर घालू? तिला हे कळता कामा नये. मी बघतो काय करायचं ते.

१४ ऑगस्ट

वर्गात एका पोरानं विचारलं, ‘सर, तुमचं गाणं कधी येणार?’ फळ्यावर लिहीत होतो. खडू मोडला.

मागच्या वर्षांतली प्रत्येक गोष्ट आता वेगळी दिसते. हलगी नको म्हणालो तेव्हा त्यानं का विचारलं नाही? मला वाटलं, समजून घेतलं. आता वाटतं, त्याला फरकच पडत नव्हता. मास्तर म्हणायचा - ती थट्टा होती की अंतर? आमच्या घरी जेवला तेव्हा दोनदा भात मागून घेतला. तेही दाखवायला?

हे असं बघायला लागलं की थांबता येत नाही. थांबायचंही नाही.

१६ ऑगस्ट

यूट्यूबवर टाकलं.

मूळ गाणं, पूर्ण. नावासकट. वर फक्त एक ओळ: ‘नाव पुसणाऱ्यांना’. खाली सगळी हकीकत, कृष्णातच्या नावानिशी. विश्वजितचं नाव घेतलं नाही. तो धंदा करतो. कृष्णात माझा जोडीदार होता.

लिहिताना एक शब्दही खोडावा लागला नाही. इतकं सरळ गद्य माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं.

१७ ऑगस्ट

फोन तापलाय. गाणं पुण्यात गेलं, नागपुरात गेलं. अनोळखी लोक रडल्याचं लिहितात. इचलकरंजीला आमचा दोघांचा कार्यक्रम होता, तो आयोजकांनी रद्द केला. ‘कृष्णात असेल तर नको.’

त्याचा एक मेसेज. ‘गाणं काढ. आत्तीला फोन कर.’

पुन्हा आत्ती! नंबर ब्लॉक केला.

१९ ऑगस्ट

आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याचा टेम्पो अडवला. सकाळी, हायवेच्या कडेला. व्हिडिओ मला त्यांनीच पाठवला. कौतुकानं.

कृष्णात रस्त्यावर उभा. शर्टाचं एक बटण तुटलेलं. एक कॅन कलंडलाय, डांबरावर दूध पसरलंय. हे मी सांगितलं नव्हतं.

‘नाव मी काढलं. चुकलं माझं.’

मागून कुणीतरी, ‘कुणाच्या सांगण्यावरनं काढलंस? बोल की रं!’

तो कॅन उभा करतोय. दुधाकडं बघतोय.

‘बोल! कुणी सांगितलं?’

‘कुणी न्हाय. माझं मीच काढलं.’

झालं! कबूल! स्वतःच्या तोंडानं. आता आत्ती कुठं गेली? माझ्यासमोर तिला पुढं करत होता, दहा पोरांसमोर तिचं नाव आठवलं नाही. भित्रा.

व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा. दर वेळी वाटतं, बरं वाटेल.

२० ऑगस्ट

आत्तीचा फोन येऊन गेला. घेतला नाही. माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. राग जरा उतरला की करीन.

२१ ऑगस्ट

पुन्हा तिचा फोन. वर्गात होतो.

२४ ऑगस्ट

गाणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. पलूसचा कुणीतरी, निपाणीचा कुणीतरी. जो तो त्यावर आपला ठोका बसवतो. एकानं भोंगा घातलाय. एकानं पहिल्या शब्दाचे तुकडे करून फिरवलेत. ठेका सगळा सरळ केलाय. मोकळं काही ठेवलंच नाही.

विश्वजितचा फोन. ‘भावा, तुझंच फुल्ल व्हर्जन लावणार बघ मी. पब्लिक मागतंय. नावासकट मागतंय! आमच्या तालमीचं बी पोरगं म्हणतंय, त्येच लाव.’

‘वादाचं काय झालं?’

‘वाद जुना झाला. आता ट्रेंड हाय.’

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी ‘थँक्यू’ म्हणालो होतो.

२७ ऑगस्ट

गणपती आले. खिडक्या लावून घेतल्या.

३१ ऑगस्ट

गोठ्यावरून जाणाऱ्या शिंगणापूर रस्त्यानं यायचं कारण नव्हतं. आलो. गोठ्यावर दिवा होता. खिडकी उघडी. कृष्णात एकटाच काहीतरी म्हणून बघत होता, तोच तोच तुकडा. खोली घुमत होती. प्रत्येक शब्दाच्या मागं त्याच शब्दाचं भूत.

आण्णा दाराशी. मला बघितलं. या वेळी चहा विचारला नाही. म्हशीला म्हणाले, ‘सर की गं बाजूला.’

मीच सरलो.

राग कमी झालेला नाही. उलट आता त्याला बसायला जागा हवी आहे. मी घरात वाकळ पसरून बसतो. तिच्यात आत्तीचं एक हिरवं लुगडं आहे, माझ्या आईचं एक, आणि एक चौकटीचा तुकडा ओळखू येत नव्हता. आज ओळखला. कृष्णातचा फाटलेला शर्ट. तिनं कधी मागून घेतला, कुणास ठाऊक. तो तुकडा उसवून काढावा असं वाटलं. कात्री आणलीही. टाके फार बारीक घातलेत. सगळी वाकळ सुटली असती.

६ सप्टेंबर

वाजलं!

महाद्वार रोड, विसर्जनाची मिरवणूक, दुपारचे चार. आवाजाच्या मर्यादेचे फलक लागलेले, आणि फलकांच्या खालूनच भिंती पुढं सरकत होत्या. ट्रॉलीवर पेट्या, पेट्यांवर दिवे, दिव्यांवर पोरं. मी एका दुकानाच्या पायरीवर. ह्या मिरवणुकीत मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो.

विश्वजितची भिंत समोर आली. आधीचं गाणं थांबलं. घुंगरं. चिमटा. आत्तीच्या ओसरीवरची ती टिकटिक, एवढी मोठी, की वरच्या खिडक्यांच्या काचा तिच्या तालावर वाजल्या. आणि मग -

‘भीमाच्या’

छातीवर आदळलं. पहिला ठोका भरला! सगळा रस्ता त्या शब्दावर एकदम खाली बसला आणि उठला. ज्यांच्यापुढं माझा आज्या मान खाली घालून चालला, त्यांच्याच मिरवणुकीत, त्याच्या लेकीचा आवाज. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मलाही ऐकू येत नव्हतं.

पुढं भोंग्याचं व्हर्जन लावलं. भी-भी-भीमाच्या, भोंगा. भी-भी-भीमाच्या, भोंगा. आवाज पळवून बारीक केलेला. ती लहान पोरीसारखी किंचाळत होती. एकजण ट्रॉलीवर चढला. हातात बाटली. खाली पोरं तोंडं वर करून, आ करून उभी. तो ठेक्यावर त्यांच्या तोंडात ओतत होता, आणि प्रत्येक वेळी तोच शब्द ओरडत होता. पोरंही ओरडत होती, तोंडात दारू असताना. कुणाला तरी ठसका लागला. सगळे हसले. सगळे मोबाइल वर.

हे बरं वाटलं नाही.

पण वाजलं. नावासकट वाजलं. कुणी गाळू शकलं नाही.

७ सप्टेंबर

कानात अजून शिट्टी. बाकी शांत. तो ट्रॉलीवरचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय.

८ सप्टेंबर

स्नेहलवहिनीचा फोन. आत्तीची सून.

‘भावजी, सासूबाई कालपासनं कामाला बसंनात. पैंजणं तशीच पडल्यात, हुपरीवाल्यानं दोनदा निरोप धाडला.’

‘आजारी आहे?’

‘न्हाई ओ. शेजारच्या चिमणाबाईनं मोबाइलवर दाखवलं. ती मिरवणूक. बाटलीवाला त्यो. सासूबाईंनी सगळं बगितलं. तांब्या घेतला, चूळ भरली. परत भरली. सांजपतूर भरतच हुत्या. शेवटी म्याच तांब्या हातातनं काढून घेतला.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आनि कृष्णातभावजी बी आता दारात थांबत न्हाईत. दूध घेत्यात, तसंच म्होरं जात्यात. तुमचं काय झालंय का?’

‘उद्या येतो,’ म्हणालो.

त्या दारुड्यांवर चिडली असेल. साहजिक आहे. तिला समजावून सांगायला हवं. रस्ता असाच असतो, आणि मुद्दा वेगळा आहे. मुद्दा नावाचा आहे. मूळ रेकॉर्डिंग तिला पुन्हा ऐकवीन, तिच्या ओसरीवरचं. म्हणून आत्ता फाइल उघडली. माझ्याकडं असलेलं गाणं थेट शब्दापासून सुरू होतं. आधीचं पाणी मी कापून फेकलंय. ते फक्त कृष्णातकडं असणार.

९ सप्टेंबर

आत्ती उंबऱ्यावर बसली होती. चिमटा डब्यात. म्हणाली, ‘त्यो शबुद म्याच काढाय लावला हुता, धम्मा. तोंड धुतल्याबिगर म्या कदी घेत न्हाई त्येंचं नाव. दारूच्या नाचात नगं म्हनलं, बाकीचं वाजवा. किस्नातनं सांगितलं न्हाई तुला?’

‘तुला विचार म्हणाला होता.’